वसंतात ट्राउट लागत नाही? फ्लाय बदलण्याआधी पाणी तपासा

तक्रार दर हंगामात तीच. वरचं बर्फ वितळायला लागतं, नदीचे काठ मोकळे होतात, सकाळी सातला माणूस ट्राउट या गार पाण्यातल्या माशासाठी पाण्यात उतरतो आणि अकरापर्यंत काहीच लागत नाही. डबीतल्या निम्म्या फ्लाय (किड्यांची नक्कल करणारे कृत्रिम गळ) बांधून-सोडून होतात. दुपारी तासभर मासे अचानक लागतात, का ते कळत नाही, आणि साडेतीन-चारला पुन्हा सगळं ठप्प. दुसऱ्या दिवशी तीच जागा, तीच फ्लाय आणि भोपळा.

यात फ्लायचा दोष क्वचितच असतो. वसंतात डोंगरी नदीचं तापमान, पातळी आणि रंग दिवसभर बदलत राहतात, आणि मासाही त्यांच्याबरोबर जागा आणि वागणूक बदलतो. म्हणून चूक शोधताना क्रम ठेवावा: आधी तापमान, मग पातळी आणि गढूळपणा, मग माशाची जागा, मग फ्लाय किती खोल जाते, ती मोकळी वाहते का, आणि सगळ्यात शेवटी फ्लाय कुठली. बहुतेक जण हा क्रम नेमका उलटा लावतात.

सकाळी शांतता, दुपारी मासे

ट्राउटच्या शरीराचं तापमान जवळपास पाण्याइतकंच असतं. पाणी ३ अंशांवर असेल तर त्याचं पचन आणि हालचाल दोन्ही मंदावतात. तो संथ पाण्यात तळाला चिकटून पडून राहतो. अशा वेळी तो खात नाही असं नाही, पण फ्लायसाठी अर्धा मीटरही बाजूला सरकत नाही. तेच पाणी ८ अंशांवर गेलं की तो धारेच्या कडेला येतो आणि वाहत येणारं खाणं टिपायला लागतो.

ढोबळ आकडे सेल्सियसमध्ये असे. ४ च्या खाली फ्लाय अगदी तोंडासमोरून न्यावी लागते, आणि तरीही दिवसाला एखाद-दुसराच मासा. ४ ते ७ मध्ये निम्फवर (पाण्याखालच्या, पंख न फुटलेल्या किड्यांची नक्कल) मासे लागतात, बहुधा दुपारच्या दोन-तीन तासांत. ७ च्या आसपास बेटिस जातीच्या छोट्या मेफ्लाय (पाण्यात वाढणारे खरे किडे) पृष्ठभागावर यायला लागतात. १० ते १५ हा ट्राउट भरपूर खाण्याचा पट्टा, आणि कॅडिस किडेही साधारण १० च्या पुढेच जोरात निघतात.

नुसत्या आकड्यापेक्षा तो कुठल्या दिशेने चाललाय हे जास्त महत्त्वाचं. ४ वरून ७ वर चढलेलं पाणी हे ९ वरून ७ वर उतरलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी बरं. त्यामुळे एकदाच मोजून उपयोग नाही. दोरी बांधलेला साधा थर्मामीटर वाहत्या पाण्यात, गुडघाभर खोलीवर, सावलीत दोन मिनिटं धरावा आणि बाहेर काढल्याबरोबर वाचावा. काठाच्या उथळ, उन्हात तापलेल्या पाण्यात मोजलं तर आकडा फसवा येतो. १०, १२ आणि २ वाजता अशा तीन नोंदी घेतल्या की दिवसाचा कल कळतो.

सकाळी सातला पाण्यात उभं राहायची सवय उन्हाळ्यातली. वसंताच्या सुरुवातीला ती फक्त पाय गोठवते. साडेदहा-अकराला सुरुवात केली तर फार काही हुकत नाही.

दुपारी चालू, चारला बंद

हे कोडं बर्फाचं आहे. रात्र निरभ्र आणि शून्याखालची असेल तर वरचं वितळणं थांबतं, म्हणून सकाळी ओढा सगळ्यात कमी आणि सगळ्यात स्वच्छ असतो. ऊन वर आलं की वितळणं सुरू होतं. दुपारी जोर धरतं आणि ते पाणी काही तासांनी खाली पोचतं. बर्फाला लागून असलेल्या ओढ्यात ही लाट दुपारीच येते. तिथून बऱ्याच खाली असलेल्या मोठ्या नदीत ती रात्री किंवा पहाटे पोचते. म्हणून एकाच खोऱ्यात ओढा संध्याकाळी गढूळ, तर मुख्य नदी सकाळी गढूळ आणि दुपारनंतर निवळणारी, असं सर्रास दिसतं.

ही लाट आली की तीन गोष्टी एकदम होतात: पातळी चढते, रंग बदलतो आणि तापमान उतरतं. बाहेर कडक ऊन, अंगातलं जाकीट उतरवावंसं वाटतंय, आणि पाणी मात्र तासाभरापूर्वीपेक्षा गार. थर्मामीटर नसेल तर हे लक्षातच येत नाही आणि दोष फ्लायला मिळतो.

उपाय सोपा. पाण्यात उतरताना काठाला, पाण्याच्या रेघेवर एक दगड ठेवावा किंवा काठी रोवावी. दर अर्ध्या तासाने तिकडे नजर टाकावी. दगड बोटभर बुडाला की लाट आली समजा. मग तिथेच झगडत बसण्यात अर्थ नाही. मुख्य नदीकडे किंवा बर्फ आधीच संपलेल्या खालच्या ओढ्याकडे जावं. कमी उंचीवरच्या, ऊन घेणाऱ्या उताराच्या ओढ्यांना पूर आधी येतो, पण ते निवळतातही आधी. मुख्य नदी अजून तपकिरी असताना ते मासेमारीलायक झालेले असतात.

या दगडाचा दुसरा उपयोग जिवाशी संबंधित आहे. सकाळी गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेलात आणि चारला परतताना तेच पाणी मांडीपर्यंत आलं, तर अडकलात. पलीकडे जायचंच असेल तर परतीची वेळ आधी ठरवावी. काठी आणि वेडरचा (पाण्यात उतरायच्या जलरोधक पँटचा) कमरपट्टा दोन्ही असू द्यावेत आणि किंचित खालच्या दिशेला तिरकं चालावं. दगड दिसत नसतील इतकं गढूळ पाणी ओलांडूच नये. बर्फावर पाऊस पडत असेल तर सगळे हिशेब रद्द. तसं पाणी फार झपाट्याने चढतं.

गढूळ म्हणजे किती गढूळ?

‘पाणी खराब होतं’ एवढ्याने काही कळत नाही. गुडघाभर पाण्यात उभं राहून बुटाचं टोक दिसतं का ते बघा. दिसत असेल तर निम्फ नेहमीसारखे चालतात. हिरवट, काचेच्या बाटलीसारखा रंग आणि अर्धा-पाऊण मीटर दृश्यता ही तर वसंतातली सगळ्यात चांगली अवस्था: माशाला फ्लाय दिसते, पण माणूस आणि लीडर (लाइन आणि फ्लायमधला पारदर्शक दोरा) कमी दिसतो. दृश्यता ३० सेंमीच्या आसपास असेल तर मोठी, गडद फ्लाय काठालगत चालवावी. १५ सेंमीच्या खाली असेल तर जागा बदलावी.

कुठे जायचं? तळ्यातून किंवा सरोवरातून बाहेर पडणाऱ्या ओढ्यात, कारण गाळ तळ्यात बसतो. झऱ्यावर चालणाऱ्या प्रवाहात, कारण त्याचं तापमान आणि रंग बर्फावर अवलंबून नसतात. किंवा धरणाच्या तळातून पाणी सुटतं तिथे. धरणाखाली मात्र विसर्ग कधी वाढतो याची माहिती घेतल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नये.

मासे आहेत, पण तुम्ही उभे आहात तिथे

चढलेल्या पाण्यात नवखा माणूस सरळ पाण्यात घुसतो आणि मधल्या धारेत फ्लाय टाकतो. त्या वेळी मासे त्याच्या पायाशी असतात. मधल्या धारेत टिकून राहायला जेवढी ताकद लागते तेवढी तिथल्या खाण्यातून मिळत नाही. म्हणून ट्राउट काठाला सरकतो. माणूस रमतगमत चालेल इतक्या वेगाचं पाणी, अर्धा ते दीड मीटर खोल, शेजारी वेगवान धार: हे वर्णन जिथे जुळतं तिथे आधी टाका. खडकामागचा आडोसा, पण खडकापुढची छोटी उशीसारखी संथ जागाही विसरू नका. वळणाची आतली बाजू, उपधारा, पाण्याखाली गेलेलं काठचं गवत, डोहाची शेपटी, म्हणजे डोह संपतो तो भाग.

पाणी कमी, स्वच्छ आणि ५ अंशांखाली असेल तर चित्र वेगळं. तेव्हा मासे खोल, संथ डोहांच्या मधल्या भागात एकत्र असतात. एक मासा लागला तर तिथून हलू नका. त्याच्या आजूबाजूला आणखी असण्याची शक्यता मोठी आहे. पाणी तापलं की हेच मासे डोहाच्या डोक्याकडे, खळाळ जिथे संपतो तिथे येतात.

काठावरून सुरुवात करायची, आधी पहिला मीटर, मग दुसरा, मग पाऊल. पाण्यात न उतरता जितकं झाकता येईल तितकं झाका.

उथळ खळाळात, स्वच्छ धुतलेल्या फिकट खडीचा लांबट-गोल खळगा दिसला तर तिथे पाय ठेवू नका आणि त्यावर उभ्या असलेल्या माशांवर फ्लायही टाकू नका. रेनबो आणि कटथ्रोट ट्राउट वसंतात अंडी घालतात. ब्राउन आणि ब्रुक ट्राउट शरद ऋतूत घालतात, पण त्यांची पिल्लं वसंताच्या सुरुवातीला अजून त्याच खडीत दडलेली असू शकतात. ब्राउन ट्राउटची नदी आहे म्हणून वसंतात खडी बिनधास्त तुडवायला हरकत नाही, हा समज चुकीचा. कित्येक ओढे याच कारणाने या काळात बंद असतात, तेव्हा स्थानिक नियम आधी बघावेत.

फ्लाय खोल जातच नाही

जागा बरोबर, तापमान बरोबर, तरी काही नाही. मग दहापैकी आठ वेळा फ्लाय माशाच्या डोक्यावरून, अर्धा मीटर वरून चाललेली असते. पृष्ठभागावरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा वेगात वाहतं. त्यामुळे इंडिकेटर (लीडरवर बांधलेला, तरंगणारा खुणेचा गोळा) पुढे धावतो आणि फ्लाय मागून, वर उचललेली, फरफटत जाते.

तपासायची पद्धत अशी. इंडिकेटरच्या शेजारी वाहणारा फेसाचा बुडबुडा निवडा. इंडिकेटर बुडबुड्याच्या बरोबरीने किंवा पुढे जात असेल तर फ्लाय वर आहे. तो बुडबुड्यापेक्षा जरा मागे पडत, मधूनच अडखळत जात असेल तर फ्लाय तळाजवळच्या संथ थरात पोचली आहे. हे एवढं पाहायची सवय लागली की डबी बंदच राहते.

सुरुवात म्हणून इंडिकेटरपासून वजनापर्यंतचं अंतर खोलीच्या दीडपट ठेवा, वेगवान पाण्यात दुपटीपर्यंत. एक मीटर पाण्यात दीड मीटर. दहा वेळा टाकून एकदाही तळ लागला नाही तर वजनाची ०.२ ग्रॅमची एक गोळी वाढवा. प्रत्येक वेळी अडकत असेल तर एक काढा. तीन-चार वेळांत एकदा तळ चाटला पाहिजे. आधी वजन बदला, मग अंतर, आणि एका वेळी एकच गोष्ट. दोन्ही एकदम बदललं तर कशाने जमलं ते कळत नाही.

गोळ्या फ्लायच्या २० सेंमी वर, टिपेटच्या (लीडरच्या टोकाचा बारीक दोरा) गाठीच्या वरच्या बाजूला दाबाव्यात म्हणजे घसरत नाहीत. ०.४ ग्रॅमच्या एका गोळीपेक्षा ०.२ च्या दोन बऱ्या; खडकात कमी अडकतात आणि फेरफार सोपा जातो. शिशावर बंदी असेल तिथे टिनच्या गोळ्या वापराव्या लागतात. टिन हलका, म्हणून आकार थोडा मोठा घ्यावा. टंगस्टनचा मणी पितळेच्या मण्यापेक्षा दुपटीहून जड असतो. लहान आकाराची फ्लाय खोल न्यायची असेल तर टंगस्टनला पर्याय नाही.

चालणारी जोडणी: २.७ मीटर लीडर, ४एक्स टिपेट (एक्सचा आकडा वाढतो तसा दोरा बारीक), पुढे ३.५ मिमी टंगस्टन मण्याची १० नंबरची (नंबर मोठा तितका गळ लहान) स्टोनफ्लाय निम्फ, तिच्या गळाच्या वळणाला ४० ते ५० सेंमी ५एक्स, आणि टोकाला १६ किंवा १८ नंबरची फेझंट टेल निम्फ. पाणी चढलेलं असेल तर पुढे ३एक्स, मागे ४एक्स. गढूळ पाण्यात ६एक्स वापरून काही मिळत नाही, मासे मात्र तुटतात.

अरुंद ओढ्यात इंडिकेटर काढून टाका. रॉड उंच धरून चार-सहा मीटरच्या आत, फक्त लीडर पाण्यात, लाइन सगळी हवेत. इतक्या जवळ जाता येतं कारण खळाळ माणसाला झाकतो. संथ, स्वच्छ डोहात हे चालत नाही.

खोल जाते, पण ओढली जाते

इंडिकेटरच्या मागे पाण्यात ‘व्ही’ उमटली की ड्रॅग आला. लाइन वेगवान धारेवर आणि फ्लाय संथ पाण्यात, हे नेहमीचं कारण. फ्लाय पडताच लाइनचा मधला वाकलेला भाग प्रवाहाच्या वरच्या दिशेला उचलून ठेवा. हे मेंडिंग इंडिकेटर हलायच्या आत, एकदाच आणि ठामपणे करायचं. उशिरा केलेलं मेंडिंग फ्लायला वर उचलतं आणि आतापर्यंतचं बुडणं वाया जातं. त्याहून सोपं म्हणजे दोन पावलं पुढे जाऊन लाइन कमी करणं. वसंतात दूरवर टाकण्याचं कौतुक करायला नदीत कोणी नसतं.

टाकायची जागाही वरची हवी. माशापासून दोन-तीन मीटर वर टाकली तर त्याच्यापर्यंत येईतो फ्लाय तळाला लागते. रॉड उंच थांबवून, फ्लाय लाइनच्या आधी आणि उभी पाण्यात शिरेल असं टाकता आलं तर आणखी बरं.

थंडीत लीडर डबीतल्या वेटोळ्यांच्या आकारातच राहतो, आणि ती स्प्रिंग फ्लाय मोकळी वाहू देत नाही. दोन हातांत धरून, थोडा थोडा भाग सावकाश ताणून सरळ करावा. जोरात घासू नये, नायलॉन तापून कमजोर होतं.

हिसका जाणवतच नाही

गार पाण्यातला ट्राउट फ्लाय घेऊन पळत नाही. तोंड उघडतो, घेतो आणि थुंकतो. इंडिकेटर बुडत नाही, फक्त क्षणभर थांबतो किंवा बाजूला कलतो. त्यामुळे प्रत्येक शंकेला रॉड उचलावा, पण हातभर झटका नव्हे, मनगटाचा छोटासा उचल, आणि तोही प्रवाहाच्या खालच्या दिशेला. दगड असेल तर फ्लाय तिथेच पुढे वाहत राहते.

मासे लागून सुटत असतील तर आधी गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून सरकवा. रुतलं तर ठीक, घसरलं तर बोथट. तळ चाटणारी फ्लाय दगडांवर घासून तासा-दोन तासांत बोथट होते. घासायची छोटी कानस खिशात ठेवावी.

रॉडच्या टोकाच्या कड्यांत बर्फ साचलं तर बोटाने फोडू नका. रॉडचं टोक तिथेच मोडतं. टोक काही सेकंद पाण्यात बुडवा, पाणी शून्याच्या वर असतं, बर्फ सुटतं. लाइन सारखी आत-बाहेर ओढण्यानेच कड्या भिजतात, म्हणून अशा दिवशी ठरावीक लांबीवरच टाकत राहावं. हवा शून्याखाली असताना सोडायचा मासा पाण्याबाहेर काढूच नये, कल्ले गोठतात.

आता फ्लाय

एवढं सगळं जुळूनही काही लागत नसेल तर डबी उघडा. आधी पाण्यातले दोन-तीन दगड उलटा. चपट्या, दोन शेपट्यांच्या स्टोनफ्लाय निम्फ दिसल्या तर मोठा, गडद नमुना, ८ ते १०. छोट्या, चपळ मेफ्लाय निम्फ असतील तर पाठीवरचे पंखांचे कोष बघा. ते काळेभोर झाले असतील तर किडे लवकरच बाहेर पडणार आहेत. १६ ते १८ ची बारीक, गडद फेझंट टेल बांधा. काहीच ठळक नसेल तर १८ ते २० ची झेब्रा मिज, कारण मिज हे चिमुकले किडे वर्षभर असतात. पाणी चढतंय, काठाची माती सुटतेय, तेव्हा गांडुळासारखी सॅन व्हान वर्म काहींना कमीपणाची वाटते, पण त्या वेळी मासे गांडुळंच खात असतात.

गढूळ पाण्यात काळी किंवा गडद ऑलिव्ह वुली बगर फ्लाय, ६ किंवा ८ नंबर. गार पाण्यात ती भराभर ओढू नये. काठाला टाकून वाहू द्यावी, बोटभर ओढावी, थांबावं. मासा बहुधा थांबल्यावरच येतो.

ढगाळ, उबदार दुपारी मासे वर येताना दिसले की कोरड्या (पाण्यावर तरंगणाऱ्या) फ्लायची घाई होते. आधी काय दिसतंय ते बघा. नाक बाहेर येऊन बुडबुडा मागे राहत असेल तर मासा पृष्ठभागावरचा किडा घेतोय. १८ ची पॅराशूट अ‍ॅडम्स चालेल. फक्त पाठ आणि शेपटी दिसत असेल, बुडबुडा नसेल, तर तो पृष्ठभागाच्या जरा खालचे, वर येणारे किडे घेतोय. कोरडी फ्लाय त्याच्या डोक्यावरून कितीही नेली तरी तो बघणार नाही. तिच्या मागे २० सेंमी ५एक्सवर, बिनवजनाची १८ ची फेझंट टेल बांधा, टिपेटचा शेवटचा थोडासा भाग सोडून वरच्या भागाला तेलकट फ्लोटंट (दोरा तरंगत ठेवणारं मलम) लावा म्हणजे निम्फ पृष्ठभागाखाली लटकत राहील. तरीही मासा फ्लायखाली येऊन परत फिरत असेल तर नमुना तोच ठेवून एक आकार लहान करा.